कार्ड आहे, पुस्तक नाही

१

यादीत अकरा नावं होती आणि अकराही नावांपुढं लाल शाईत एकच शेरा होता : कार्ड आहे, पुस्तक नाही.

राजेश्वरी हत्तुरेनं यादी पुन्हा वरपासून वाचली. नवी पेठेतल्या या अभ्यास ग्रंथालयाची ग्रंथपाल होऊन तिला चारच महिने झाले होते आणि मार्चातली ही तिची पहिली पडताळणी, कार्डांशी ताडून केलेली तर कित्येक वर्षांतली पहिलीच. हरवलेलं सगळं वरच्या मजल्यावरचं, प्रबंधांच्या दालनातलं. सत्तर वर्षांत जिल्ह्यातल्या माणसांनी पिकांवर, आजारांवर, सुतावर, तळ्यांवर, गाण्यांवर जे जे शोधून लिहिलं, ते तिथं नांदत होतं. बहुतेकांची दुसरी प्रत कुठंच नाही. इथून गेलं की जगातूनच गेलं.

“मॅडम, माझ्या जोंधळ्याच्या मुळाचं काय झालं?”

ही ऋतुजा. मंगळवेढ्याची, ज्वारीवर पीएच.डी. करणारी. पन्नास वर्षांपूर्वी एका शेतकी शिक्षकानं काळ्या रानात पुरुषभर खड्डे खणून ज्वारीची मुळं मोजली होती. तो प्रबंध तिला हवा होता, आणि अकरातलं पहिलं नाव त्याचंच होतं.

“शोधतोय गं. आणि ते खिडकीला काय लावलंयस? पुस्तक आहे ते!”

दालनाची खिडकी वाऱ्यानं आपटू नये म्हणून ऋतुजानं एक जाडजूड प्रबंध फळीला टेकवला होता. पाठीवर चादरीच्या किनारीचा लाल पट्टा चिकटवलेला.

“मल्लप्पामामांनी दिलंय. मी मागितलं जोंधळ्याचं मूळ, त्यांनी आणून दिलं ‘ज्वारी उपटणाऱ्या स्त्रियांची पाठदुखी’. म्हणले, हेबी ने की. मी शेतकीची, मॅडम, डॉक्टर न्हाय. पाठीचं दुखणं तर आमची आई फुकट सांगती, रोज सांगती.”

तिनं तो प्रबंध मांडीवर घेतला, त्यावर कागद ठेवला आणि ठसक्यात तक्रार लिहायला घेतली.

तेवढ्यात जिना चढून कार्यवाह सोमेशराव आले. धापा टाकत होते, तरी आवाज चढाच.

“राजेश्वरीताई, तीन आठवड्यांपूर्वी जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी गेली. गाडी कुणी भरली? मल्लप्पानं. आता विद्यापीठाची माणसं संशोधन केंद्राच्या मान्यतेसाठी बघायला येणार, आणि अकरा प्रबंध बेपत्ता! शुक्रवारी अकरा वाजता समिती बसेल. तुम्ही काय ते लेखी द्या.”

“अहो, शनिवारी त्यांचा निरोपसमारंभ आहे. अडतीस वर्षं झाली त्यांना इथं.”

“म्हणूनच शुक्रवारी.”

दाराशी ग्रंथालयाचा शिपाई मल्लप्पा उभा होता. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, डोक्याला पांढरा रुमाल. त्यानं यादीकडं पाहिलं, मग खाली मान घातली.

“माज्याच हातनं गेलं असंल,” तो म्हणाला. “लिवा माजं नाव.”

२

राजेश्वरीला हे पटेना. पटणार कसं?

ती सतरा वर्षांची असताना अक्कलकोटहून एसटीनं इथं यायची. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि कोणतं पुस्तक मागावं याचा पत्ता नाही. मल्लप्पामामा तिनं मागितलेलं पुस्तक द्यायचा आणि वर न मागितलेलं एक. इतिहास मागितला तर भूगोलही. “हेबी ने की, पोरी. एकट्या पुस्तकाला झोप येत न्हाई.” असा माणूस रद्दीवाल्याला प्रबंध घालेल?

तिनं कार्डांची कपाटं उघडली. सागवानी, चाळीस खणांची. संगणक आल्यापासून सोमेशराव ती काढून टाका म्हणून मागं लागले होते. पण हरवलेल्याचा माग काढायचा तर आधी त्याचं कूळ विचारावं लागतं, आणि कूळ लिहिलेलं होतं कार्डावर.

अकरा कार्डं तिनं टेबलावर मांडली. जोंधळ्याचं मूळ. काढणीच्या वेळची बायकांची गाणी. सुताचे पक्के रंग. गिरणी चाळीतली नाटकं. तळ्यातला गाळ. मासेमारांच्या जाळ्यांच्या गाठी. एकाचं दुसऱ्याशी काही नातं नाही. गाण्यांचा शौकीन गाळ कशाला चोरेल? आणि किलोवर विकायचं तर जाड बघून उचलायचं. ही सगळी अंगानं सडपातळ, कुणी अठ्ठेचाळीस पानांचं, कुणी एकसष्ट. सत्तराच्या वर एकही नाही.

ती दालनात फिरून आली. अकरा पुस्तकं गेली म्हणजे फळ्यांवर थोडी तरी ढिलाई हवी. पण कपाटं गच्च होती, एखाद्या फळीवर तर बोट घालायला जागा नव्हती. जणू कुणी गेलंच नव्हतं.

कार्ड परत ठेवताना खणाच्या तळाशी काहीतरी टोचलं. तांदळाचा दाणा. वाळलेला, पिवळा. दुसऱ्या खणात दोन. तिसऱ्यात आणखी एक.

“उंदीर,” सोमेशराव वाकून म्हणाले. “म्हणून सांगतो, काढा ही कपाटं.”

“उंदीर तांदूळ हळदीत घोळवून खातात का?”

सोमेशरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि निघून गेले.

राजेश्वरीनं अकराही कार्डं उलटी केली. प्रत्येकाच्या पाठीवर, अगदी कोपऱ्यात, शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात एक तारीख होती. साल वेगवेगळी, चार वर्षांची. महिना मात्र एकच, जानेवारी. दिवस कधी तेरा, कधी चौदा.

अक्कलकोटच्या पोरीला कॅलेंडर बघावं लागलं नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेतला तो अक्षतांचा, देवाच्या लग्नाचा दिवस. त्या दिवशी सगळं सोलापूर नंदीध्वजांच्या मागं संमती कट्ट्याकडं लोटतं.

आणि त्या दिवशी ग्रंथालय बंद असतं.

३

दुपारी मल्लप्पा मागच्या ओट्यावर डबा सोडून बसला होता. राजेश्वरी शेजारी टेकली. त्यानं न विचारता कडक भाकरीचा तुकडा मोडून तिच्यापुढं धरला, वर शेंगाची चटणी.

“मामा, गड्ड्याच्या दिवशी ग्रंथालय कोण उघडायचं?”

भाकरी मोडायची थांबली. “मीच. झाडलोट करायला.”

“सुट्टीच्या दिवशी?”

“मग! धुळीला सुट्टी असती व्हय?”

“एकटेच असायचात?”

“एकटाच.” तो दूर कडुनिंबाकडं बघत होता. “लई इचारू नगं, पोरी. तुजी नवी नोकरी. दोन वळी लिव, सही कर, मोकळी हो. माजं काय, परवा घरी जायाचं. मानसं चार दिस बोलतील, मग इसरतील.”

“नातवंडं नाही विसरणार. आमचा आजा पुस्तकं विकून घरी आला, असं ऐकत मोठी होतील.”

मल्लप्पानं डबा बांधला, खिशातून कागदाचा चिटोरा काढला आणि दुपारी फळीवर लावायच्या पुस्तकांचे आकडे एकाखाली एक लिहू लागला. मुलाखत संपली, असं सांगण्याची ती त्याची रीत.

राजेश्वरी त्या आकड्यांकडं बघत राहिली. मामा कानडी शाळेत चौथीपर्यंत गेलेला. मराठी बोलायचा, वाचायचा, पण आकडा लिहायची वेळ आली की हात कानडीच चालायचा. अडतीस वर्षांत या ग्रंथालयातले त्याचे सगळे चिटोरे कानडी आकड्यांत होते. नव्यानं येणाऱ्याला पहिल्या आठवड्यात ते शिकावेच लागत.

कार्डांच्या पाठीवरच्या तारखा मराठी आकड्यांत होत्या.

ती धावतच वर गेली. कार्ड उलटं, कार्ड सुलटं. पुढच्या बाजूला प्रबंधाचं नाव, मागं तारीख. तोच डावीकडं झुकलेला पाच, तोच पोट सुटलेला चार. ज्या हातानं कार्ड लिहिलं, त्याच हातानं तारीख घातली होती.

हा हात सगळ्या ग्रंथालयाला ठाऊक होता. ईरम्माबाई. एकतीस वर्षं याच टेबलावर बसून त्यांनी कार्डं लिहिली आणि दहा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या.

मामा त्यांना पाठीशी घालत होता. पण ईरम्माबाईंनी पुस्तकं चोरली? त्यांनी?

४

बाळीवेशीत भाचीच्या घरी, जिन्याखालच्या खोलीत ईरम्माबाई खुर्चीवर बसल्या होत्या. केस कापसासारखे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. मांडीवर शेंगांचं सूप होतं. त्या शेंग फोडत, दाणा टरफलात टाकत आणि टरफल दाण्यांत.

“या या,” भाची हळूच म्हणाली. “माणसं ओळखत नाहीत आता. बोलतात मात्र गोड.”

ईरम्माबाईंनी राजेश्वरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तू कुणाकडची गं? मुलीकडची का मुलाकडची?”

राजेश्वरी गडबडली. “मी ग्रंथालयाकडची, अक्का.”

“मग दोन्हीकडची.” त्या खुदकन हसल्या. “बस. अक्षता मिळाल्या का?”

राजेश्वरीनं पर्समधली पुडी काढली, खणांतले पिवळे दाणे तळहातावर ओतून त्यांच्यापुढं धरले. ईरम्माबाईंनी एक दाणा चिमटीत घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि कुठल्या तरी फार आतल्या खोलीतून आवाज आल्यासारख्या गुणगुणल्या,

“वाकून उपटिते, माझ्या पाठीचा झाला बाक…”

ओवी तिथंच अडली. दुसरी ओळ ओठांपर्यंत आली आणि परत गेली. त्यांनी शोधली. कपाळ आक्रसलं, बोटं मांडीवर कार्डं चाळल्यासारखी हलली. मग डोळे भरून आले.

“हरवली गं. माझ्याकडूनच हरवली.”

“अक्काला इचारू नगा!”

दारात मल्लप्पा होता. हातात औषधाची पिशवी. दर गुरुवारी तो येतो, हे भाचीनं मागाहून सांगितलं. त्यानं राजेश्वरीला ओसरीवर नेलं आणि खांबाला टेकून उभा राहिला.

“गड्ड्याच्या दिवशी अक्का यायची. मी दार उघडायचो. रिटायर व्हायच्या आधी चार वर्सं असं चाललं. दोन-चार प्रबंध निवडायची, त्यांच्यावर अन् त्यांच्या कार्डांवर अक्षता टाकायची, पिशवीत घालायची. म्हनायची, मल्लप्पा, मी मांडवाला जाते. रिक्षा करायची. कुटं जायची ते मी कवा इचारलं न्हाई. शेवटच्या वर्सी तर पिशवीच रिक्षात इसरली, मी पळत जाऊन आनली. तवाच तिचं ध्यान सुटाय लागलं हुतं. यादी बघितली अन् माज्या काळजात धस्स झालं. अक्कानं कुटंतरी ठेवली, अन् इसरली.”

“म्हणून तुम्ही स्वतःचं नाव पुढं केलंत?”

“उभा जल्म तिनं दुसऱ्याला पुस्तकं हुडकून दिली. आता तिच्या नावापुडं ‘हरवली’ लिवायचं व्हय? माज्या नावापुडं लिवा. माजं नाव काय, कुटल्या कार्डावर न्हाई.”

उद्या शुक्रवार होता.

“मामा, रिक्षा कुठल्या अंगाला जायची?”

मल्लप्पानं डोळे पुसले. “साखर पेठंच्या.”

५

साखर पेठेत ग्रंथालयाचं एकच माणूस होतं. ज्ञानबा बाइंडर. पंचाहत्तरी उलटलेली, हाताला कायमचा खळीचा वास. सूर्य मावळायच्या आत राजेश्वरी त्याच्या दुकानात पोचली.

“अक्का? यायच्या की! दर गड्ड्याला. बाकीचं बांधणीचं काम तुमच्याकडनं गठ्ठ्यानं यायचं, पन हे त्या स्वतः आणायच्या. पाठीला चादरीची किनार लावा म्हनायच्या, लग्नाचं हाय.”

“किती पुस्तकं बांधलीत?”

ज्ञानबानं भिंतीवरच्या खिळ्याची जुनी वही काढली, थुंकी लावून पानं उलटली.

“चार. चार वर्सं, चार नग.”

“चारच? नीट बघा, बाबा. अकरा हवीत.”

“ताई, माजं गणित पक्कं. चार म्हंजे चार.”

ती खाली मान घालून परतली. चार बांधली, मग बाकीची गेली कुठं? बरं, ज्या अकरांचा पत्ता नाही त्यांत ही चार धरायची, की ही चार निराळीच?

हा प्रश्न तिला शुक्रवारी सकाळी आठ वाजता कार्डांच्या कपाटापुढं घेऊन आला. चार निराळी असतील, तर त्यांच्याही कार्डांवर तारखा असतील. आणि ते कळायला एकच मार्ग होता. चाळीस खण, एकेक कार्ड.

“मी अन् तुम्ही वाटून घेऊ,” ऋतुजा बाह्या सरसावून म्हणाली. “तक्रार मी केली की, मग निस्तरायला नको?”

दोघी बोटं चालवू लागल्या. कायद्याच्या खणातून वनस्पतींच्या, वनस्पतींतून दमा-खोकल्याच्या. ऋतुजाला तर मध्येच नाद लागला. “अगं बाई, कडब्यावर कायद्याचा प्रबंध हाय! आमच्या भांडणाला कामाला आला असता.” पाठीला रग लागली तरी कुणी थांबलं नाही.

साडेनऊला पहिलं सापडलं : ‘गिरणी कामगारांच्या फुप्फुसांचे विकार’. पाठीवर तारीख. मग ‘सोलापूर परिसरातील तलाव : एक इतिहास’. मग लग्नाच्या कायद्याचा एक. आणि अकराला दहा मिनिटं असताना ऋतुजा ओरडली,

“मॅडम! हे तर माझ्याकडचं! पाठदुखी!”

चारही प्रबंध हरवलेले नव्हते. तीन जागेवर होते, चौथा खिडकीला. राजेश्वरीनं तिघांना खाली काढलं. चौघांच्याही पाठीवर लाल किनार होती. तिनं पाठदुखीचं कार्ड सुलटं केलं आणि पानांचा आकडा वाचला. मग खिडकीतलं पुस्तक उचललं. वजनानं हात खाली गेला.

“ऋतुजा, हे किती पानांचं असेल गं?”

“पावणेदोनशे तरी. उशाला घेण्याजोगं हाय.”

“कार्डावर बावन्न लिहिलंय.”

जिन्यावर समितीची पावलं वाजली.

६

सोमेशराव आणि दोन सभासद बसले. मल्लप्पा भिंतीशी उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसेना.

“मी लेखी दिलेलं नाही,” राजेश्वरी म्हणाली. “बोलते. ज्यानं अकरा विषयांतली पुस्तकं नेली, त्याला विषयाशी देणंघेणं नव्हतं, असं मला वाटलं होतं. ती माझी चूक. आणि फळ्या ढिल्या नव्हत्या, कारण पुस्तकं इमारतीबाहेर गेलीच नव्हती. गेली ती परत आली. मामांनीच ती लावली, पाठीवरचा क्रमांक बघून, बांधणीहून आलेल्या गठ्ठ्यातली समजून.”

“मी?” मल्लप्पा दचकला.

“काल मी ज्ञानबांना विचारलं, किती पुस्तकं बांधली? ते म्हणाले, चार. खरं तेच सांगत होते. बाइंडर आत किती जणं राहतात ते मोजत नाही, दारं मोजतो. एक पुठ्ठा, एक नग. संगणकाची माणसं आली, त्यांनीही तेच केलं. एका पुठ्ठ्याला बारकोडची एक पट्टी, आणि पहिल्या पानावरचं नाव. आतल्यांना कुणी हाकच मारली नाही.”

तिनं पाठदुखीचा प्रबंध टेबलावर ठेवला आणि पानं मोजत उलटली. एक्कावन्न. बावन्न. संदर्भसूची संपली. पुढं हळदीच्या रंगाचं एक कोरं पान होतं. कोरं नव्हे, त्यावर पोट सुटलेल्या चाराच्या त्याच हातानं लिहिलं होतं, ‘हेही पाहा’. आणि खाली,

वाकून उपटिते, माझ्या पाठीचा झाला बाक
मुळाला जोंधळ्याच्या, भुईत जाऊन मार हाक.

पान उलटलं. काळ्या रानातील ज्वारीची मुळे. ज्याच्यावर कागद ठेवून ऋतुजानं तक्रार लिहिली, त्याच पुठ्ठ्यात ते तिच्या मांडीवर होतं. त्याच्यापुढं पुन्हा एक पिवळं पान, पुन्हा ओवी :

मूळ गं जोंधळ्याचं, गेलं भुईच्या पोटात
कणसाला आलं दूध, गाणं बाईच्या ओठात.

आणि त्यापुढं काढणीची गाणी. बाकीचे तीन पुठ्ठे उघडले, तशी उरलेली नऊ जणंही सापडली, एकेकात तीन-तीन. फुप्फुसांच्या मागं सुताचे रंग, चाळीतली नाटकं आणि आणखी एक. तलावांच्या इतिहासामागं गाळ, जाळ्यांच्या गाठी आणि असाच एक.

“पण हे का करायचं?” एक सभासद म्हणाले. “नियमात कुठं बसतं?”

उत्तर भिंतीशी उभ्या मल्लप्पानं दिलं.

“अक्का म्हनायची, मल्लप्पा, ही समदी एका घरात ऱ्हात्यात अन् एकमेकाचं त्वांड बघत न्हाईत. डाक्टर शेतकीच्या कपाटाकडं जात न्हाई, शेतकीवाला गान्याच्या. ह्यांची लग्नं कोन लावनार? मला वाटायचं, चेष्टा करती.”

“आमच्याकडं जोंधळा उपटूनच काढतात,” ऋतुजा एकदम म्हणाली. ती मुळांचा तक्ता आणि पाठदुखीचा तक्ता शेजारी शेजारी धरून बघत होती. “जिथं मूळ खोल, तिथं दुखणं जास्त. गावं तीच आहेत, मॅडम. दोघांनी तीच गावं बघितली अन् एकमेकांना ठाऊक न्हाई.” मग जरा थांबून, “आई रोज सांगत होती की.”

सोमेशरावांचे वडील गिरणीत होते. त्यांनी फुप्फुसांचा प्रबंध पुढं ओढला, एक पान उघडलं आणि बराच वेळ मिटलं नाही. कपाटं काढून टाकायची गोष्ट त्या दिवशी निघाली नाही, नंतरही नाही.

“मल्लप्पा,” ते वर न बघता म्हणाले, “रद्दीचं मी बोललो ते… चुकलं माझं.”

राजेश्वरीनं यादी पुढं घेतली. अकरा शेरे खोडले आणि अकरा वेळा लिहिलं : आहे.

७

शनिवारी निरोपाला भाचीनं ईरम्माबाईंना रिक्षातून आणलं. वाचनकक्षात सतरंजी, टेबलावर पेढे, मल्लप्पाच्या खांद्यावर नवी कोरी चादर. ईरम्माबाई कुणालाच ओळखत नव्हत्या. पण कार्डांचं कपाट दिसलं तशी त्यांची पावलं आपोआप तिकडं वळली. खणाच्या पितळी कडीवर बोटं ठेवून त्या उभ्या राहिल्या.

“वाकून उपटिते, माझ्या पाठीचा झाला बाक…”

पुन्हा तिथंच अडल्या. पुन्हा कपाळ आक्रसलं.

मल्लप्पा जवळ गेला. त्याला कधी गाता आलं नव्हतं. घसा खाकरून, बेसूर, शब्द शब्द जुळवत तो म्हणाला,

“मुळाला जोंधळ्याच्या, भुईत जाऊन मार हाक.”

ईरम्माबाईंनी वळून त्याच्याकडं पाहिलं. चेहरा हळूहळू उजळला.

“वऱ्हाड पोचलं का रे? काही हरवलं नाही ना वाटेत?”

“पोचलं, अक्का. अकराच्या अकरा. तुमी कवाच काय हरवलं न्हाई.”

“मग रडतोस कशाला वेड्या? लग्नात रडायचं ते मुलीकडच्यांनी.”

मल्लप्पानं नव्या चादरीच्या किनारीला डोळे पुसले.

“मी दोन्हीकडचा हाय, अक्का.”